कोंबडीचं पोट फुगलंय? औषधाआधी हात लावून बघा

यावेळी पत्रं चाळायला घेतली आणि एकामागून एक पाच पत्रं कोंबडीच्या पोटाचीच निघाली. पाचही जणांना तिचं पोट फुगलंय असं वाटतंय, आणि वाचल्यावर लक्षात येतं की पाचही ठिकाणी भानगड वेगळी आहे. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देते.

प्रश्न: ताई, माझ्याकडे सहा कोंबड्या आहेत, त्यातली एक अडीच वर्षांची. पहिल्या वर्षी जवळजवळ रोज अंडं द्यायची, मग कमी होत गेलं आणि आता तीन-चार आठवडे एकही नाही. पोट मागच्या बाजूने इतकं मोठं झालंय की पाय फाकवून बदकासारखी डुलत चालते. खाते, पण दाणे टाकले की पूर्वीसारखी धावत येत नाही. एक जण म्हणतो चरबी चढलीये, खाणं कमी कर. दुसऱ्याने गॅसचं औषध सांगितलं, तिसऱ्याने जंताचं. मी काय देऊ?

उत्तर: सध्या यातलं काहीच देऊ नका, आणि खाणं तर अजिबात तोडू नका. पोट फुगणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. आत काय काय असू शकतं बघा, अडकलेलं अंडं, पोटात सांडलेला बलक, पाणी, अंडनलिकेत साचलेला पू, गाठ, सुजलेलं लिव्हर, किंवा नुसती चरबी. बाहेरून बघितलं तर सगळ्या कोंबड्या सारख्याच दिसतात, पण हाताला प्रत्येक गोष्ट वेगळी लागते, आणि एकीला जे उपयोगी ते दुसरीला मारक ठरतं. म्हणून आधी हात, मग औषध.

हे काम रात्री करा, कोंबड्या दांडीवर बसल्या की त्या शांत असतात, पळापळ होत नाही. तिला काखेत अशी घ्या की डोकं तुमच्या पाठीकडे आणि शेपटी समोर, पंख तुमच्या कोपराने अलगद दाबलेले, दुसरा हात मोकळा. तिला उताणी करू नका. बरेच जण पोट बघायचं म्हणून सरळ पाठीवर झोपवतात. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोटाच्या मधला पडदा नसतो, त्यांचा श्वास हवेच्या पिशव्यांवर चालतो आणि त्या पिशव्या पार पोटापर्यंत पसरलेल्या असतात. पोटात पाणी असेल आणि कोंबडी उताणी झाली तर सगळा भार त्या पिशव्यांवर येतो आणि तुमच्या हातातच तिचा जीव जाऊ शकतो.

पहिलं बोट पोटावर नाही, छातीच्या हाडावर ठेवा. होडीच्या तळासारखं मधोमध एक लांब हाड लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर बरं. पण ते हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागत असेल आणि मागे पोट मात्र टम्म, तर ती लठ्ठ झालेली नाही, ती झिजतेय आणि पोट दुसऱ्याच कशानेतरी भरतंय. वजनकाटा इथे हमखास फसवतो, कारण मांस कमी होतं तेवढंच पाणी वाढतं आणि आकडा तोच राहतो. हाड लपेल इतकं मांस आणि त्यावर चरबी लागली तरच लठ्ठपणाचा विचार करायचा.

मग ते हाड जिथे संपतं तिथून मागे या, अंडं आणि शीट जिथून बाहेर येतं तिथपर्यंत. त्या जागेला पुढे मी व्हेंटच म्हणते. व्हेंटच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडं लागतात. अंडी देत असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावतात आणि पोट मऊ, सैल असतं, तिला सूज समजू नका. अंदाज येत नसेल तर त्याच वयाची दुसरी धडधाकट कोंबडी उचला आणि लगेच तिचं पोट बघा. एक हात हिच्यावर, एक तिच्यावर. अर्ध्या मिनिटात फरक कळतो, आणि हा फरक कुठल्याही फोटोवरून कळणार नाही.

आता पोट हाताला कसं लागतं ते नीट लक्षात घ्या. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं ताणलेलं असेल, एका बाजूला बोटाने हलकी टिचकी मारली की दुसऱ्या हाताला लाट लागत असेल, तर आत पाणी आहे. घट्ट, लगद्यासारखं, ओली माती दाबावी तसं लागत असेल आणि कोंबडी दुखतंय म्हणून अंग चोरत असेल, तर बलक सांडून आत इन्फेक्शन झालेलं असू शकतं किंवा अंडनलिकेत पू साचलेला असतो. एकच गोल, गुळगुळीत, कडक वस्तू लागली तर अंडं. ओबडधोबड, न हलणारे गोळे लागले तर गाठ असू शकते, हे शेवटचं लिहिताना मला बरं वाटत नाही पण खरं ते सांगायला हवं. अंड्यांच्या कोंबड्यांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर आपोआप होतो आणि वयाबरोबर त्याचं प्रमाण वाढतं, इतकं की माणसांच्या अंडाशयाच्या कॅन्सरचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ कोंबडीच वापरतात.

दाबाल तेव्हा बोटांच्या पेराने, लोण्याला हात लावावा तसं. अंडं आत फुटलं तर टरफलाचे तुकडे अंडनलिकेला कापतात.

तुमच्या पत्रावरून, अडीच वर्षं वय, अंडी बंद, हळूहळू वाढलेलं पोट, पाय फाकवून चालणं आणि तरी खाणं चालू, यावरून मला पाण्याची शंका जास्त येते. पण पाणी हेसुद्धा लक्षणच. त्याच्या मागे लिव्हर असेल, हृदय असेल, गाठ असेल किंवा आत सांडणारा बलक असेल. झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलर पिल्लांत काही आठवड्यांच्या वयातच पोटात पाणी होतं, तिथे हृदय आणि फुप्फुसांवर ताण येऊन होतं, तुमच्या कोंबडीचं तसं नसावं.

बलक आत सांडतो म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय आणि डावी अंडनलिका कामाची असते. अंडाशयातून बलक सुटतो आणि नळीच्या तोंडाशी असलेली नरसाळ्यासारखी झालर त्याला झेलते, पुढे पांढरा भाग चढतो, मग पातळ पापुद्रा, आणि टरफल चढायला तर जवळजवळ 20 तास लागतात, असे सगळे मिळून 24 ते 26 तास. त्या झालरीने बलक झेललाच नाही किंवा नळी सुजलेली असल्यामुळे अर्धवट झालेलं अंडं मागे फिरलं की ते पोटात पडतं. एखाद्या वेळी शरीर ते शोषून घेतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण सारखं होत राहिलं आणि त्यात ई-कोलायसारखे जंतू शिरले की मग आग लागते.

हे मी माझ्याच एका कोंबडीत बघितलंय. अगदी सुरुवातीच्या दिवसांत माझी एक तांबडी कोंबडी अशीच फुगली, मला कुणीतरी चरबी म्हणाले आणि मी मुकाट्याने तिचे दाणे अर्ध्यावर आणले. तीन आठवड्यांत गेली. डॉक्टरांनी उघडून दाखवली तेव्हा आतड्यांना उकडलेल्या बलकासारखे पिवळे थर चिकटलेले होते, एकावर एक, आणि छातीवर मांस म्हणून नव्हतंच. मी आजारी जिवाला उपाशी ठेवलं होतं, ते मला आजही विसरता येत नाही, आणि म्हणूनच खाणं तोडू नका असं मी तुम्हाला पहिल्याच ओळीत लिहिलं.

तुम्ही तिला पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. ते एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतील, पाणी असेल तर बारीक सुईने थोडं काढून त्याचा रंग बघतील. स्वच्छ पिवळसर असेल तर एक दिशा, गढूळ, बलक मिसळलेलं, वासाचं असेल तर दुसरी. जास्त काढायचं असेल तर सावकाश काढतात, एकदम सगळं उपसलं तर रक्तदाब पडून कोंबडी शॉकमध्ये जाते. इथे हात जोडून सांगते, सुई घेऊन घरी करायला जाऊ नका, आतडं तिथेच असतं आणि एक टोचणी चुकली की संपलं. माझ्या दुसऱ्या एका कोंबडीचं पाणी डॉक्टरांनी काढलं ते 320 मिली भरलं, टेबलावरून खाली सोडली तर जागेवर उभी राहून आधी पंख झटकले आणि मग दोन पावलं अक्षरशः पळाली, कितीतरी दिवसांनी. पाणी परत भरलं, आम्ही आणखी दोनदा काढलं, सात महिने गेले तिचे बरे. बरी झाली असं मी म्हणणार नाही, पण ते सात महिने तिने उन्हात अंग टाकून, माती उडवत काढले.

तोवर घरी एवढं बघा. दांडी खाली आणा किंवा जमिनीवर जाड भुसा घाला, तिला उडी मारायला लावू नका. पाणी आणि खाणं तिच्या तोंडाशी, बाकीच्या हाकलत असतील तर वेगळं पण त्यांना दिसेल अशा जागी ठेवा, एकटी कोंबडी खंगते. मागची पिसं शिटेने माखत असतील तर कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करा, नाहीतर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. रोज तुरा बघा. तुरा निळा-जांभळा पडला, चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागली किंवा खाणं सोडलं, तर मग उद्या नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: तलंग आहे, नुकतीच अंड्यावर आलीये, आठ-दहा अंडी दिली असतील. आज सकाळपासून घरट्यात जाते, पाच मिनिटांत बाहेर येते, परत जाते. शेपटी वरखाली होते, जोर लावते, पेंग्विनसारखी ताठ उभी राहते. खालचं पोट कडक लागतंय. थांबून बघू की काही करू?

उत्तर: थांबू नका. ही लक्षणं अंडं अडकल्याची आहेत, आणि वरच्या पत्रातल्या कोंबडीकडे आठवडे असतील पण हिच्याकडे तास आहेत. अडकलेलं अंडं रक्तवाहिन्या आणि पायाच्या नसा दाबतं, शीट अडवतं, आणि एक-दोन दिवस तसंच राहिलं तर बहुतेक वेळा कोंबडी वाचत नाही.

आधी खात्री करा. हातमोजा घाला, बोटाला भरपूर पाण्यात विरघळणारं जेल किंवा साधं व्हॅसलीन लावा आणि व्हेंटमधून बोट सरळ, सावकाश आत घाला. अंडं अगदी शेवटच्या टप्प्यात असेल तर बोटाच्या दोन पेरांपर्यंत कडक गोल लागतं. नाही लागलं म्हणजे अंडं नाहीच असं समजू नका, ते वर असू शकतं किंवा त्याला टरफलच नसेल, मऊ कातडीचं अंडं बोटाला नीट कळत नाही आणि अडकतंही तेच जास्त, कारण स्नायूंना ढकलायला काही कडक मिळत नाही.

मग टबात कोमट पाणी घ्या, 38 ते 40 डिग्री, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखावेल एवढंच. तिला पोट बुडेल इतक्या पाण्यात उभी किंवा बसती ठेवा, 20 मिनिटं, पाणी गार झालं तर थोडं गरम घालत रहा पण तिच्या अंगावर नाही. पहिली दोन मिनिटं धडपडते, मग बहुतेक कोंबड्या डोळे अर्धे मिटून शांत बसतात, ते बघितलं की आपल्यालाही जरा धीर येतो. बाहेर काढून टॉवेलने टिपा, हेअर ड्रायर असेल तर कमी गरमवर लांबून फिरवा, ओली कोंबडी गारठली तर केलेलं सगळं वाया. व्हेंटला परत जेल लावा आणि तिला उबदार, अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. तासाभराने बघा.

कॅल्शियम इथे खरंच कामाचं आहे. नुसत्या टरफलासाठी नाही, अंडं ढकलणारे स्नायू आकसायलाही कॅल्शियम लागतं. एका टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, ते रोज कुठून आणायचं, खाण्यातून कमी पडलं की ती हाडांतून काढते. पक्ष्यांचं लिक्विड कॅल्शियम घरात असेल तर डॉक्टरांना फोनवर डोस विचारून चोचीच्या कडेने थेंब थेंब द्या, घशात ओतू नका, श्वासनळीत जातं.

पोट दाबून अंडं ढकलायचं नाही. तेल पाजायचं नाही, ते आतड्यात जातं, अंडनलिका वेगळी आहे. सुईने अंडं फोडून काढायची आयडिया कुणी देईल, तीही घरी नको. अंघोळ दोनदा झाली, तीन-चार तास गेले आणि काही हललं नाही, किंवा ती मान टाकायला लागली, तर सरळ दवाखाना. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, गरज पडली तर नळी आकसवणारं औषध देतात, आणि अंडं काढायची त्यांची पद्धत असते.

अंडं आलं आणि मागे लालसर मांसासारखं काही बाहेर लोंबतंय असं दिसलं तर तिला त्या क्षणी बाकीच्यांपासून वेगळी करा. कोंबड्या लाल दिसलं की टोचतात, आणि एकदा टोचायला लागल्या की थांबत नाहीत. स्वच्छ सलाईनने धुवा, जेल लावून ओलं ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

ही वेळ टळली की तलंगेचं खाणं तपासा. लेयर फीडमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाण्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांच्या फीडमध्ये एक टक्क्याच्या आसपास. पिल्लांचं फीड तसंच चालू राहिलं आणि अंडी सुरू झाली की हा प्रकार होतो. उलटं पण लक्षात ठेवा, अंड्यावर न आलेल्या पिल्लांना लेयर फीड देऊ नका, जादा कॅल्शियमने त्यांच्या किडन्या खराब होतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागतो ती खाते.

प्रश्न: तीन वर्षांच्या कोंबडीने अंड्याच्या जागी रबरासारखा एक गोळा टाकलाय. कापला तर आत कांद्यासारखे थर, पिवळट, घाण वास. पोट थोडं फुगलेलं आहे पण ती फिरते, खाते. हे कसलं अंडं?

उत्तर: हे अंडं नाहीच. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो चीजसारखा घट्ट होतो. अंडनलिकेत इन्फेक्शन झालं की हा पू, त्यात कधी बलक, पापुद्रे, कातडीचे तुकडे असं सगळं थरावर थर साचतं आणि नळीतून पुढे सरकत जाऊन असं गोळा होऊन बाहेर पडतं, म्हणून आकार अंड्यासारखा.

बाहेर पडलं ही चांगली गोष्ट, पण एक पडला म्हणजे आत दुसरा नाही असं नसतं. तो गोळा फेकला नसेल तर पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या, त्यावरून जंतू कोणते आणि त्यांना कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल हे तपासता येतं. कुणाच्यातरी घरची उरलेली अँटिबायोटिकची गोळी पाण्यात विरघळवून देणं, जे सर्रास होतं, त्याने अर्धेमुर्धे जंतू मरतात आणि उरलेले चिवट होतात. शिवाय घट्ट पुवाच्या आत औषध पोचतच नाही नीट, म्हणून काही वेळा ऑपरेशन करून ते काढावं लागतं. लवकर धरलं तर काही कोंबड्या चांगल्या सावरतात. अंडी परत नीट देतील याची मात्र आशा ठेवू नका, आणि माझ्या मते तिला अंड्यांपासून विश्रांती मिळाली तर तेच बरं.

प्रश्न: काकू, मी सातवीत आहे. आमची काळी कोंबडी दिवसभर घरट्यातून उठतच नाही. मी हात घातला तर पोट खूप गरम लागलं आणि तिथली पिसंच गेलीयेत. फुगून दुप्पट मोठी दिसते आणि मला चोच मारते. तिच्या पोटाला सूज आली का?

उत्तर: नाही रे बाळा, तुझी कोंबडी खुडूक बसलीये. अंडी उबवायची तयारी आहे ती. पोटाची पिसं ती स्वतःच उपटते किंवा आपोआप गळतात, म्हणजे गरम कातडी थेट अंड्यांना लागावी. कोंबडीचं अंग असंही 41 ते 42 डिग्री असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते तापल्यासारखंच लागतं. आणि ती फुगलेली दिसते ती पिसं फुलवून तुला घाबरवायला.

खात्री कशी करायची सांगते. मोठ्या माणसाला बरोबर घे आणि तिला हळूच उचलून बाहेर ठेव. खुडूक कोंबडी कलकलाट करेल, पटापट खाईल, पाणी पिईल, एक भली मोठी वासाची शीट टाकेल आणि तडक घरट्यात पळेल. आजारी कोंबडी असं करत नाही, ती ठेवली तिथेच डोळे मिटून, मान आखडून बसते. रोज एकदा-दोनदा तिला अशी खायला उठवत जा, नाहीतर खुडूकपणात त्या उपाशी राहून वाळतात. आणि तू हात लावून बघितलंस, विचारलंस, हे फार छान केलंस. नंतर साबणाने हात धुवायचे एवढं विसरू नकोस.

प्रश्न: आमची एक कोंबडी पोट फुगून गेली. आता दुसरीचं पोट मोठं वाटतंय. एकीचं दुसरीला लागतं का? या दुसरीची अंडी खाल्ली तर चालतील का? आणि पुढे हे होऊ नये म्हणून काय करू? फार जीव लावला होता हो तिला.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मलाही वाईट वाटलं. गेलेल्या कोंबडीचं पोस्टमॉर्टेम झालं असतं तर दुसरीबद्दल आज खूप काही सांगता आलं असतं. हे दोष म्हणून लिहीत नाहीये, त्या वेळी कुणाला सुचत नाही. पण पुढे कधी वेळ आलीच तर मेलेली कोंबडी डबल पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, फ्रीझरमध्ये नाही, बर्फ झालं की आतले अवयव तपासायला खराब होतात. आणि एका दिवसात पशुवैद्यकीय लॅबला पोचवा.

लागण म्हणाल तर अडकलेलं अंडं, चरबी, हृदयाचं पाणी, अंडाशयाचा कॅन्सर हे एकीचं दुसरीला होत नाही. पण मॅरेक्ससारखे काही व्हायरसचे आजार आहेत ज्यात आत गाठी होतात आणि ते कळपात पसरतात, मॅरेक्सची लस पिल्लू अंड्यातून बाहेर आल्या आल्या देतात, मोठी झाल्यावर देऊन उपयोग नाही. बऱ्याचदा दोघींना एकच त्रास होतो तो लागण म्हणून नाही, दोघी एकाच वयाच्या, एकाच जातीच्या आणि एकच खाणं खाणाऱ्या असतात म्हणून. पण दोन-चार दिवसांत एकदम बऱ्याच कोंबड्या मरायला लागल्या, डोकी सुजली, तुरे काळे-निळे पडले, तर तो पोटाचा विषय नाही, बर्ड फ्लूही असू शकतो, कुठल्याही कोंबडीला हात न लावता लगेच सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

अंडी खाऊ नका. पोटात इन्फेक्शन असेल तर जंतू अंड्यात येऊ शकतात, आणि औषध चालू असेल तर औषधाचा अंश येतो. औषध संपल्यावर किती दिवस अंडी टाकून द्यायची हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ते डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. ती अंडी परत कोंबड्यांनाही घालू नका.

होऊ नये म्हणून शंभर टक्के काही करता येत नाही हे आधी सांगते. आपण कोंबडीला वर्षाला 300 अंडी द्यायला लावलंय, तिची रानातली पूर्वज वर्षात मोजकीच अंडी घालते, पिल्लं वाढवते आणि थांबते. रोज चालणारं ते यंत्र कधीतरी चुकतंच. पण भार हलका करता येतो. कोंबडी अंड्यावर राहते ती उजेडावर, दिवसाला 14 ते 16 तास उजेड मिळाला की अंडी चालू राहतात. म्हणून कोवळ्या पिल्लांना वय व्हायच्या आधी जादा दिवे लावू नका, लहान अंगाला मोठं अंडं झेपत नाही. आणि दोन-अडीच वर्षं झालेल्या कोंबड्यांना रात्रीचा दिवा बंदच करा, दिवस लहान झाले की त्यांना पिसं झडून विश्रांती मिळू दे. काही देशांत पक्ष्यांचे डॉक्टर अंडी थांबवणारं हार्मोनचं इम्प्लांटही बसवतात, ते तुमच्याकडे मिळतं का आणि नियमात बसतं का हे डॉक्टरच सांगतील, आणि मग त्या कोंबडीचं अंडं-मांस खायचं नसतं.

खाण्यात मुख्य फीड लेयरचंच ठेवा, दाणे वरून मूठभर, लाडाने दिलेले दाणे पोटभर झाले की लिव्हरवर चरबी चढते आणि अशी कोंबडी दिसायला गुबगुबीत असताना कधीकधी लिव्हर फुटून एका रात्रीत जाते. फिरायला जागा द्या. घरटी कोरडी ठेवा, ओल्या घाण पेंढ्यातले जंतू व्हेंटमधूनच वर चढतात.

आणि या दुसरीला आज रात्रीच काखेत घ्या. छातीचं हाड बघा, पोट बघा, मागे सांगितलं तसं दुसऱ्या कोंबडीशी ताडून बघा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा, वजन इतकं, हाड टोचतं की नाही, पोट मऊ की ताणलेलं, शेवटचं अंडं कधी. दर रविवारी परत. डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा. आणि तिला दुखतंय, श्वासाला जड जातंय आणि डॉक्टर म्हणाले की आता उपाय नाही, तर तिला सुखाने झोपवण्याबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. गेलेल्या कोंबडीचंही तुम्हाला आठवतं तेवढं त्याच वहीत पहिल्या पानावर लिहा, कधी फुगायला लागली, अंडी कधी थांबली, शीट कशी होती, शेवटच्या दिवसांत काय खात होती. डॉक्टर ते नक्की विचारतील.